गाडीतच घर: कायम फिरतीवर राहण्यासाठी मोटरहोमची बांधणी आणि देखभाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं निवृत्तीनंतर गेली चार वर्षं एका ट्रॅव्हलरमध्ये राहतो. मी शाळेत शिकवायचे, यांचं आयुष्य वायरिंगच्या कामात गेलं. वाटेत भेटणारे लोक, नातेवाईक, जुने विद्यार्थी सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. माझ्या वहीतल्या नोंदींवरून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. चार दिवसांच्या सहलीसाठी गाडी भाड्याने घेणाऱ्यांना यातलं बरंचसं लागणार नाही. बाराही महिने गाडीत राहायचं ठरवलेल्यांसाठी हे आहे.

कुठली गाडी घ्यावी?

जिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात ती. आमची निवड फोर्स ट्रॅव्हलरची, ३३५० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर). रुग्णवाहिका, शाळेची गाडी, वऱ्हाडाची गाडी म्हणून ती देशभर पळते, त्यामुळे तिचं इंजिन ओळखणारा मेस्त्री आडगावातही भेटतो. उंच छताच्या मॉडेलमध्ये उभं राहून स्वयंपाक करता येतो. रोज वाकून भाजी चिरणं आठवडाभर जमतं, वर्षभर नाही. एकटा माणूस असेल तर ईको किंवा जुनी ओम्नीही पुरते, फक्त पावसाळ्यात ओले कपडे वाळवायला जागा राहत नाही. परदेशी बनावटीची देखणी व्हॅन घेण्याआधी एकच विचार करा: दारव्ह्याजवळ तिचा क्लच गेला तर सुटा भाग यायला किती दिवस लागतील, आणि तेवढे दिवस तुम्ही कुठे राहाल?

सुताराकडे आधी जावं की आरटीओकडे?

आरटीओकडे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेल्या आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ असं वेगळं मानक आहे आणि नोंदणीत या प्रकाराचा स्वतंत्र वर्गही आहे. या मानकानुसार मंजुरी घेतलेल्या बांधणीदाराकडून गाडी करून घेणं हा सरळ रस्ता. 'आधी करून टाकू, पासिंगचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांच्या गाड्या तपासणीत आणि विम्याच्या दाव्यात अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी घेणार असाल, तर वर्ग बदलता येईल का हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या.

विमा कंपनीलाही आतल्या बांधणीची किंमत कळवा. न कळवलेल्या फ्रिजचे आणि बॅटरीचे पैसे मिळत नाहीत.

परवाना कोणता लागतो?

एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा साधा परवाना पुरतो. ट्रॅव्हलरसारख्या गाड्या त्यात आरामात बसतात.

दुसऱ्या राज्यात किती दिवस राहता येतं?

कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी एकाच परराज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. सतत फिरणाऱ्यावर ही वेळ येत नाही. तरी डिझेलच्या आणि टोलच्या पावत्या जपून ठेवा, गाडी कधी कुठे होती हे त्यावरून दाखवता येतं.

आत काय काय बसवावं?

पहिल्या दिवशी शक्य तितकं कमी. आम्ही काम सुरू होण्याआधी अंगणात गाडीच्या आतल्या मापाचा आयत खडूने आखला. त्यात सतरंजी, गॅस, दोन बादल्या ठेवून तीन दिवस वावरलो. पहिल्याच दिवशी कळलं की मी पोळ्या लाटत असताना यांना दारापर्यंत जायला वाट राहत नाही. ओटा दाराजवळून हलवला. कागदावरच्या नकाशात हे दिसलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते: जे बसवाल ते रस्त्याच्या कडेला, एका स्क्रूड्रायव्हरने उघडता आलं पाहिजे. पाण्याचा पंप, फ्यूजची पेटी, गॅसचा जोड, टाकीचं झाकण, बॅटरीची टोकं, यातलं काहीही पलंगाखाली ठोकून बंद करू नका. फर्निचर खिळ्यांनी आणि डिंकाने नको, स्क्रू आणि नट-बोल्टने जोडा. वरून पॅनल लागण्याआधी प्रत्येक भिंतीचे आणि छताचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. कुठून वायर गेली आणि कुठून पाइप, हे दोन वर्षांनी कुणाच्याही लक्षात राहत नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ याच एका गोष्टीत आहे.

वजनाची एवढी काळजी का?

ब्रेक, टायर, स्प्रिंगचे पाटे आणि क्लच हे सगळं ठरावीक वजनासाठी बनवलेलं असतं. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ९० लिटरची टाकी भरली की दीड माणूस कायमचा गाडीत बसला. १८ मिलिमीटरचं प्लायवूड सगळीकडे वापरलं तर नुसतं फर्निचर दोन-तीनशे किलोंवर जातं. आम्ही सांगाडा ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा केला आणि वर ६ व ९ मिलिमीटरचं प्लाय लावलं. प्लाय मरीन दर्जाचं, आयएस ७१० छापाचं घ्या. स्वस्तातलं प्लाय पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सोडतं.

बांधणी झाली की टाक्या भरून, सामान भरून, माणसं बसवून गाडी वजनकाट्यावर घाला. एकूण वजन आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा. मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, नंतर फक्त मागची. डावी-उजवी बाजूही सपाट जागी डोळ्यांनी बघा, एका बाजूचा पाटा जास्त बसलेला दिसला तर सामान हलवा. जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या मधे. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि पापड-शेवया.

छताला आणि भिंतींना आतून काय लावावं?

बंद पेशींचा फोम: नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई (पॉलिथिनचा फोम). ग्लासवूल लावू नका, ते ओल धरतं, ती ओल पत्र्याला लागते आणि पत्रा आतून गंजतो. लोखंडी फासळ्या उघड्या सोडू नका. माथेरानच्या खाली दस्तुरी नाक्यावर डिसेंबरात झोपलो होतो, तेव्हा पहाटे अशा एका उघड्या फासळीवरून दव टपकत होतं. छताला बाहेरून पांढरा रंग द्या. उन्हाळ्यातला फरक हाताला कळतो.

विजेचं गणित कसं करायचं?

आधी वापर मोजा, बॅटरी नंतर घ्या. बहुतेक जण उलटं करतात. आमचा उन्हाळ्यातल्या एका दिवसाचा हिशोब असा आहे. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर असलेला लहान फ्रिज ५०० ते ६०० वॅट-तास. दोन छोटे पंखे रात्रभर धरून साधारण ३००. दिवे ५०. फोन आणि लॅपटॉप १५०. पाण्याचा पंप आणि मिक्सर मिळून ५०-६०, कारण मिक्सर ५०० वॅटचा असला तरी चटणीला पाचच मिनिटं चालतो. एकूण हजार-अकराशे वॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरचं जेमतेम एक युनिट.

आमची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास. गुणाकार केला की २,५६० वॅट-तास. थोडी शिल्लक ठेवून दोन दिवस ऊन नसलं तरी निभतं. तेवढीच वीज शिशाच्या ट्यूब्युलर बॅटरीतून हवी असेल तर जवळजवळ दुप्पट क्षमता घ्यावी लागते, कारण ती अर्ध्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते. शिवाय तिचं वजन. लिथियम महाग आहे, पण कायम राहणाऱ्याने तिथे काटकसर करू नये असं माझं मत.

छतावर ४०० वॅटची सोलर पॅनलं आहेत. पॅनल छताला सपाट असतं, तापतं, धूळ खातं, म्हणून लिहिलेल्या वॅटच्या चार पटींहून जास्त वॅट-तास धरू नका. मार्च-एप्रिलमध्ये आम्हाला १,५०० पर्यंत मिळतात. जुलैत देवरुखला एक आठवडा मीटर ३००च्या वर गेला नव्हता. म्हणून तिसरी सोय लागते: चालत्या इंजिनवरून बॅटरी भरणं. त्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जरच घ्या, तो इंजिनाकडून येणारा करंट आवरून बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजने देतो. लिथियम बॅटरी हावऱ्यासारखी करंट ओढते. नुसत्या रिलेने, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचने, जोडली तर इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर तापून जातो, आणि बीएस-६ गाड्यांचे अल्टरनेटर व्होल्टेज मनाप्रमाणे कमी-जास्त करतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण भरतही नाही. ३० अँपिअरचा चार्जर तीन तासांच्या प्रवासात दिवसभराची वीज परत देतो.

वायरिंग स्वतः करावं का?

काम येत असेल तर करा, नाहीतर जाणत्या वायरमनला शेजारी बसवा. घरच्या २३० व्होल्टच्या सवयीने १२ व्होल्टचं काम केलं तर आग लागते. कारण साधं आहे: व्होल्टेज कमी, म्हणून तेवढ्याच कामाला करंट प्रचंड. २,००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पूर्ण चालला तर १६५ अँपिअरच्या वर जातो. त्याला अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल लागते, आणि तीही आखूड. यांचे तीन नियम लिहून देते. फ्यूज वायरचं रक्षण करण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच हवा. प्रत्येक टोकाला लग (धातूचं टोपण) दाबून बसवायचा, पीळ देऊन टेप गुंडाळायची नाही, कारण चालत्या गाडीत पीळ सैल होतो. आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी.

महिन्यातून एकदा सगळे जोड हाताने तपासा. इन्व्हर्टर चालू असताना एखादा जोड कोमट लागला तर तो सैल आहे. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा, घ्या.

एसी चालेल का?

बॅटरीवर रात्रभर नाही. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास घेतो. उन्हाळ्यात वर सरकणं हा आमचा उपाय आहे: एप्रिल-मे कुमाऊँ किंवा हिमाचलात. ज्यांना जमत नाही त्यांनी छतावर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि सावलीच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी.

गॅस की इंडक्शन?

आम्ही दोन्ही ठेवलं आहे आणि रोज गॅसच वापरतो. इंडक्शनवर दोन वेळचा स्वयंपाक केला की दिवसाचा विजेचा खर्च दुप्पट होतो. ऊन भरपूर असेल त्या दिवशी दुपारी बॅटरी भरून गेल्यावर डाळ-भाताचा कुकर इंडक्शनवर लावते, ती फुकटची वीज.

गॅसबद्दल मात्र जपून. पाच किलोचा सिलिंडर पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं हवीत. भोकं वर ठेवून उपयोग नाही. नळी 'सुरक्षा'चीच, आणि पाच वर्षांनी बदलायची. नळीवर तारीख असते. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर बंद. मी किल्लीच्या जुडग्यात एक लाल चिंधी बांधली आहे, ती बघितली की रेग्युलेटरची आठवण होते. महिन्याला साबणाच्या पाण्याने जोड तपासा.

थंडीत अजून एक अडचण येते. एलपीजीतला ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वाफ व्हायचं थांबतो, आणि आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये त्याचं प्रमाण मोठं असतं. स्पितीत ऑक्टोबरच्या पहाटे चहा ठेवला तर ज्योत काजव्याएवढी. तिथे इंडक्शन कामाला आलं.

आगीसाठी आणि विषारी वायूसाठी काय ठेवावं?

दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ, हात घातला की मिळेल असं. दुसरं लहान चालकाच्या सीटखाली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीला. बंद गाडीत ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका, गॅस पेटता ठेवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपेतला माणूस जागाच होत नाही. दरवर्षी थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून गेलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो. गाडी तर खोलीहून कितीतरी लहान.

पाणी किती लागतं आणि कुठे मिळतं?

दोघांना दिवसाला ३० ते ३५ लिटर. त्यात अर्ध्या बादलीची आंघोळ, स्वयंपाक, भांडी आली. कपडे गावात धुवून घेतो. ९० लिटरची टाकी आणि पिण्याचे २० लिटरचे दोन वेगळे कॅन.

पाणी ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, देवळाच्या भक्त निवासात, ग्रामपंचायतीच्या नळावर मिळतं. विचारलं तर क्वचितच कुणी नाही म्हणतं. २० मीटरचा पाइप आणि जोडायच्या तोट्या बरोबर ठेवा. गावच्या नळाला आटे नसतात तेव्हा सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा नळावर चढवून क्लिप आवळायची. हा तुकडा आमच्या गाडीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरलेली वस्तू आहे.

मराठवाड्यात किंवा जत-आटपाडीकडे एप्रिल-मे महिन्यांत, टँकर येणाऱ्या गावात, टाकी भरायला पाइप बाहेर काढू नका. कुणी हो म्हटलं तरी नाही. ते पाणी डोक्यावरून आणलेलं असतं. अशा भागात शिरण्याआधी मोठ्या गावात टाकी भरून घ्या.

दर तीन महिन्यांनी टाकी धुवा. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर, म्हणजे ९० लिटरला ९० मिलिलिटर. टाकी भरून सगळे नळ वास येईपर्यंत सोडा, चार-पाच तास तसंच ठेवा, मग दोनदा स्वच्छ पाण्याने धुवून काढा. १२ व्होल्टच्या पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर लावा आणि तो उघडून दर आठवड्याला बघा. आमचा पहिला पंप वाळूच्या चार कणांनी गेला. तेव्हापासून ओट्याखाली पायाने दाबायचा पंपही बसवला आहे. वीज गेली तरी त्यातून पाणी येतं.

संडासाचं काय करता?

हा प्रश्न बायका हळूच विचारतात आणि सर्वांत आधी विचारतात. म्हणून सविस्तर लिहिते.

परदेशात मोटरहोमची घाण रिकामी करायला ठरलेल्या जागा असतात. आपल्याकडे त्या जवळपास नाहीत. कॅसेटचा, म्हणजे खालची टाकी काढून नेता येते असा, संडास बसवला तर त्याची वीस लिटरची टाकी दोघांना तीन-चार दिवसांत भरते. मग सुलभ शौचालयात, सांभाळणाऱ्याला सांगून, पैसे देऊन ती ओतावी लागते. रसायन घातलेली टाकी कुणाच्या शोषखड्ड्यात ओतू नका, त्यातले जिवाणू मरतात आणि खड्डा तुंबतो. आम्ही दीड वर्ष कॅसेट वापरली, मग लघवी वेगळी करणाऱ्या कोरड्या संडासाकडे वळलो. घन भागावर दर वेळी मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकायचं. दोन्ही वेगळे राहिले की वास येत नाही, वास येतो तो एकत्र झाल्यावर. लघवीचा डबा रोज सार्वजनिक शौचालयात रिकामा होतो. घन भाग पाच-सहा दिवसांनी ओळखीच्या शेतकऱ्याच्या खड्ड्यात, मातीखाली, पिकापासून आणि विहिरीपासून लांब. ओळखीचं शेत नसेल तर शौचालयातच. कोकोपीटची वीट पाण्यात टाकली की फुगून बादलीभर होते, जागा खात नाही.

नदीत, ओढ्यात, घाटाच्या कठड्यावरून काहीही टाकायचं नाही. यावर माझ्याकडे दुसरं मत नाही. भांड्यांचं सांडपाणीही टाकीत साठवून, विचारून, गटारातच सोडा. खरकटं आधी पुसून घेतलं की टाकीला वास येत नाही.

पावसाळ्यात गाडीत राहता येतं का?

येतं, पण तयारी मे महिन्यात करायची. छतावर पाइपने अर्धा तास पाणी सोडा आणि आत बसून बघा. छताला जितकी भोकं, तितक्या गळतीच्या शक्यता. आमच्या पहिल्या जूनमध्ये आंबोलीत रात्री अडीच वाजता पलंगावर पाणी आलं. ज्या कारखान्यात सोलर बसवलं होतं तिथे वायरच्या भोकाला साधं सिलिकॉन थापलं होतं, ते उन्हाने सुटलं होतं. सकाळी आम्ही छताचं पॅनल काढलं. स्क्रूवर होतं म्हणून वीस मिनिटांत निघालं. खाली फोम कोरडा निघाला, फक्त प्लाय भिजलं होतं. तेव्हापासून छतावरच्या प्रत्येक जोडाला ब्युटाइलची चिकट रबरी पट्टी आणि वर पॉलियुरेथेन सीलंट, आणि दर मे महिन्यात त्याची तपासणी.

बुरशी थांबवायला हवा खेळती लागते. गादीखाली अखंड फळी नको, पट्ट्या हव्यात. कापसाची गादी ओल धरते, काथ्याची किंवा फोमची घ्या. कपाटांच्या दारांना आणि मागच्या बाजूला भोकं. पाऊस असला तरी छतावरचा पंखा झाकणाखाली सावकाश चालू ठेवा, श्वासाची वाफ बाहेर गेलीच पाहिजे. धान्यात कडुनिंबाचा पाला, डब्याला रबराचं झाकण.

कोकणात आणि गोव्यात समुद्राकाठी राहिलात तर आठवड्याला गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. खारी हवा वेल्डिंगच्या जागांपासून खायला सुरुवात करते.

इंजिनाची आणि खालच्या भागाची देखभाल कशी ठेवता?

कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. फक्त एक ध्यानात घ्या: आपण हळू फिरतो, किलोमीटर कमी होतात, तरी तारीख चुकवायची नाही. ऑइल वर्षाला, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी पावसाळ्यात दर पंधरवड्याला काढतो, आडबाजूच्या पंपावरचं डिझेल भरलं असेल तर आधीही.

बीएस-६ डिझेल गाडी उभी करून नुसतं इंजिन चालू ठेवायची सवय लावू नका. धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साचते आणि ती जाळायला सलग वेगाने पळवावं लागतं. मुक्काम लांबला तर आम्ही आठवड्यातून एकदा पाऊण तास हायवेला जाऊन येतो, भाजीही तेव्हाच आणतो.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. दुपारी गरम टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. टायरच्या बाजूला चार अंकी शिक्का असतो: २३२३ म्हणजे २०२३ सालचा २३वा आठवडा. घराच्या गाडीत नक्षी झिजण्याआधी रबर म्हातारं होतं, पाच-सहा वर्षांनी बदला. स्टेपनीचीही तारीख बघा.

कायम भरलेल्या गाडीचे पाटे बसतात. दुसऱ्या वर्षी आम्ही मागे एक पाटा वाढवला. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. चार टनांच्या आसपासची गाडी वरंध किंवा कुंभार्ली घाटात नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेकचे लायनर तापून ब्रेकवरचा पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

उंदीर हा वेगळा शत्रू. शेताजवळ, गोदामाजवळ मुक्काम असेल तर बॉनेट रात्री थोडं उघडं ठेवा, ऊब आणि अंधार नसला की ते येत नाहीत. वायर शिरण्याच्या प्रत्येक भोकात स्टीलची घासणी ठासून भरा.

लडाख-स्पितीसाठी वेगळं काय?

लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की कायमची बिघडते. म्हणून ती गाडीच्या आत, माणसांच्या उबेत हवी आणि तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये) थंडीत चार्जिंग तोडायची सोय हवी. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. २०१९ पासून इंडियन ऑइल लडाखमध्ये हिवाळी डिझेल देतं, ते उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहतं. खालून भरून नेलेलं डिझेल वर जाईपर्यंत संपवा आणि टाकी तिथेच भरा. रात्री पाण्याच्या टाकीतलं पाणी काढून टाका, पंपातलंही. गोठलेलं पाणी पाइप फोडतं.

रात्री कुठे थांबता?

सूर्य मावळायच्या आत जागा ठरवतो आणि विचारून थांबतो. मोठे पेट्रोल पंप, कुटुंबांची वर्दळ असलेले ढाबे, एमटीडीसीच्या निवासाची आवारं, गुरुद्वारे, देवस्थानांची वाहनतळं. गाडीचं तोंड रस्त्याकडे, निघायला अडचण नको. कोकणात माडाखाली कधीही नाही. ओहोटीच्या वाळूवर नाही, चाक रुतलं की भरती वाट बघत नाही. पावसाळ्यात धरणाच्या खाली नदीपात्रात नाही, दरवाजे उघडले की पाणी अचानक वाढतं. अभयारण्यात मुक्काम करता येत नाही. म्हैसूरकडून वायनाडला जाणार असाल तर बंडीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, त्या हिशोबाने निघा. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो, आणि तो योग्यच आहे.

गाडीची खरी उंची, सोलरसकट, मोजून चालकासमोर चिठ्ठीवर लिहून चिकटवा. रेल्वेखालच्या बोगद्यापाशी आठवण्याची वेळ नसते.

टपाल, बँक, औषधं?

कायमचा पत्ता मुलीच्या घरचा ठेवला आहे. कागद तिथे येतात, ती फोटो पाठवते. पार्सल पुढच्या मुक्कामाच्या ओळखीच्या दुकानात मागवतो. यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, आणि फ्रिज बंद पडला तर म्हणून एक मातीचं गार भांडं. वापरात असलेली कुपी किती तापमानाला किती दिवस टिकते हे डॉक्टरांकडून लिहून घेतलं आहे.

पहिला प्रवास कुठे करावा?

घरापासून शंभर किलोमीटरच्या आत, तीन रात्री, आणि परत. आम्ही पुण्याहून भोरला गेलो, मग वाईला, मग भंडारदऱ्याला. प्रत्येक वेळी वहीत दोन याद्या केल्या: जे लागलं पण नव्हतं, आणि जे होतं पण हात लागला नाही. तिसऱ्या खेपेनंतर घरी येऊन वरची दोन कपाटं काढली, आठ बोल्ट सोडायचे होते. सुताराने ती परत घेतली आणि त्या प्लायमधून दाराबाहेर दुमडून ठेवता येईल अशी फळी करून दिली. सकाळचा चहा आम्ही त्याच फळीवर घेतो.